आगरवेळच्या कोटापुढचे खुंट

ओहोटी पुरती लागली की आगरवेळच्या फिरंगी कोटासमोर, पाणबुरुजाच्या पुढ्यात, चिखलातून काळ्या लाकडांची एक वाकडीतिकडी रांग वर येते. कोट बघायला येणारे पाहुणे तिच्याकडे बघतसुद्धा नाहीत. त्यांना तोफा हव्या असतात आणि भुयार हवे असते. भुयार कुठे निघते, हे विचारल्याशिवाय आजवर एकही पाहुणा या गावातून परत गेलेला नाही. भुयार नाही. ज्याला लोक भुयार म्हणत होते ते धान्याचे कोठार निघाले आणि आता त्यात वटवाघळे राहतात. तेव्हा तो विषय इथेच संपला.

आधी कोट नीट बघून घ्या. जमिनीच्या बाजूला कातळात खोदलेला खंदक आहे. भरतीचे पाणी त्यात आपोआप शिरे, म्हणून तो भरायला माणूस लागत नसे. दरवाजा तोंडावर नाही, दोन भिंतींच्या वळणात लपवलेला आहे. हत्तीला धाव घ्यायला जागाच राहू नये अशी ती रचना. दरवाजावर दगडात कोरलेला फिरंग्यांचा मुकुट आहे, त्याचे कंगोरे खाऱ्या वाऱ्याने केव्हाच खाऊन टाकले. कोपऱ्याचे बुरूज बाणाच्या टोकासारखे पुढे आलेले आहेत, म्हणजे एका बुरुजावरच्या माणसाला दुसऱ्याचा पायथा दिसावा. हे सगळे चांगले आहे, पक्के आहे, फोटोही छान येतात. पण हा कोट खरा उभा राहिला तो पाणबुरुजावर, आणि पाणबुरूज उभा राहिला त्या काळ्या लाकडांच्या आधाराने. ती लाकडे कुणी ठोकली आणि ठोकताना गावाला काय सोडावे लागले, ते बसून ऐकण्यासारखे आहे. भरती चढायला अजून अवकाश आहे, बसा.

फिरंगी या किनाऱ्यावर नवे होते तेव्हाची ही गोष्ट, असे सांगतात. एक कप्तान तीन डोलकाठ्यांचे जहाज घेऊन आला आणि खाडीच्या तोंडावरचा हा कातळ बघून थांबला. खाडीच्या आत मोठी पेठ होती. तिथे जाणारे प्रत्येक गलबत या कातळाच्या पायथ्याजवळूनच जाई. कातळ ज्याचा, त्याची खाडी, हे कळायला कप्तान व्हावे लागत नाही. त्याने कोट बांधायला घेतला. जमिनीच्या बाजूच्या भिंती भराभर वर आल्या, कारण खाली कातळ होता. समुद्राच्या बाजूला मात्र कातळ संपून चिखल लागतो, आणि नेमका तिथेच त्याला बुरूज हवा होता. उंचावरच्या तोफेचा गोळा लांब जातो, पण अगदी पायथ्याशी येऊन भिडलेल्या गलबताचे ती काही वाकडे करू शकत नाही. पाण्याच्या पातळीला तोफा नसतील तर एवढा मोठा कोट नुसता शोभेचा.

कामाला माणसे आगरवेळची. मजुरी नाही, वेठ. घरटी एक माणूस रोज दगड वाहायला गेलाच पाहिजे, आणि कुणी पळू नये म्हणून कप्तानाने गावातल्या सगळ्या होड्यांची शिडे काढून कोटात कोंडून ठेवली. पाणबुरूज उभा राहीपर्यंत शिडे मिळणार नाहीत, असे त्याने दुभाष्याकडून सांगितले. आता शीड नसलेला कोळी काय करणार? वल्ही मारून जवळपासचे चार बोंबील आणायचे आणि त्यावर दिवस काढायचा.

आणि भिंत काही उभी राहीना. चुना ओला असतानाच अमावास्या-पौर्णिमेचे उधाण यायचे, लाटा थेट भिंतीवर आपटायच्या आणि पंधरवड्याचे काम एका दुपारी चिखलात जायचे. दगड पडत तेव्हा खाली माणसे असत. पोशा नाखव्याचा थोरला मुलगा असाच गेला. दोन घरे सोडून राहणारा पोशाचा मेहुणा गेला. गावात रडण्याचा आवाज थांबेना.

त्या पडझडीत एक हबशीही सापडला होता. फिरंग्यांनी त्याला दूरच्या कुठल्याशा किनाऱ्यावरून पकडून आणले होते, गुलाम म्हणून. दगडाखाली त्याचा पाय चिरडला, तेव्हा मुकादमाने त्याला उचलून किनाऱ्यावर नेऊन टाकले. मोडलेला माणूस पोसायला त्यांना परवडत नसावे. तो तिथे भरतीची वाट बघत पडला होता, तेवढ्यात हरकूबाय मासळीची पाटी घेऊन तिकडून आली.

हरकूबाय म्हणजे नाखवीण. तिचा नवरा वादळात गेलेला, मूलबाळ नाही, घरची होडी ती स्वतः चालवी. अंगाने किरकोळ, पण तिच्या तोंडाला लागायला गाव भीत असे. तिने पाटी खाली ठेवली, हबश्याला एकदा निरखले आणि त्याला ओढत, दम खात, मध्येच त्याच्यावरच चिडत घरी नेले. हळद भरली, पाय बांबूच्या कामट्यांत बांधला. पाय जगला पण वाकडा राहिला. त्याच्या आईने ठेवलेले नाव काय होते, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. फिरंग्यांनी त्याला जुवांव केले होते, गावाने जुवा केले. तो जाळी विणायला शिकला, भाषाही शिकला, आणि हरकूबायच्या पडवीत राहू लागला. एकटी विधवा आणि परका पुरुष म्हटल्यावर लोक बोलू लागले. तेव्हा हरकूने भाऊबीजेला अंगणात पाट मांडला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारून सगळ्यांच्या देखत त्याला ओवाळले. त्यानंतर निदान तिच्या कानावर येईल असे कुणी बोलले नाही.

भिंत पुन्हा पडली तेव्हा गोमा पाटलाने गाव गोळा केले. गावदेवीपुढे धाया भगताच्या अंगात आले. भगत घुमत घुमत म्हणाला, "दर्याला मानूस पायजे. मानूस भिंतीत घ्याल तरच भिंत ऱ्हाईल. पन असा मानूस, ज्याच्यामागं रडनारं कोनी नाय."

कुणी कुणाकडे बघितले नाही, असे सांगतात. बघायची गरजच नव्हती. सगळ्यांच्या मनात एकाच घराची पडवी आली होती.

गाव वाईट नव्हते, हे लक्षात घ्या. थकलेले होते, घाबरलेले होते. रोज सकाळी घरातला माणूस त्या भिंतीखाली पाठवायचा आणि संध्याकाळपर्यंत कान कोटाकडे लावून बसायचे, हे ज्याने केलेले नाही त्याने त्यांना नावे ठेवू नयेत. पण भीतीने माणूस काय करील याचा नेम नसतो, तेही तितकेच खरे.

ही बातमी हरकूच्या आधी जुव्याला कळली. हरकू घरी आली तेव्हा तो आपले फडके बांधून उंबऱ्याशी उभा होता.

"बाय, मी जातो," तो म्हणाला.

"कुठं जातंस?"

"त्यांना पायजे तिथं. तुज्या घराला त्रास नको."

हरकूने त्याच्या हातातले फडके काढून घेतले आणि खुंटीला टांगले. "बस," ती म्हणाली. "भात निवतो."

तो जेवला. जेवण झाल्यावर तिने भांडी घासली, पदर खोचला आणि देवळाकडे निघाली. तिथे पाटील, भगत आणि गावातले नाखवे बळीचा दिवस ठरवत बसले होते.

हरकू आत येऊन उभी राहिली. "भगतबाबा," तिने विचारले, "देवी काय बोलली? ज्याच्यामागं रडनारं कोनी नाय, असाच ना?"

"तसंच बोलली," भगत म्हणाला.

"मी रडंन."

गोमा पाटील म्हणाला, "हरकूबाय, तो आपल्यातला नाय."

"माज्या चुलीवर जेवतो. भाऊबीजेला माज्याकडून ओवाळून घेतो. तुमच्यातला नसंल, माजा हाय. मी रडंन, ऊर बडवून रडंन, आनि तुमच्या परत्येकाच्या दारात बसून रडंन. मंग देवीला तो चालतो का ते इचारा."

तेवढ्यात पोशा नाखवा उठला. या पोशाचे आणि हरकूच्या घराचे हाडवैर होते, पण आता तो भांडायला उठला नव्हता. "माजा एक पोर त्या भिंतीखाली गेला, हरकू," तो म्हणाला. "दुसरा रोज जातो. उद्या तो गेला तर? तुला बोलायला काय जातं?"

तो खोटे बोलत नव्हता. वैर असले तरी हरकूने त्याच्या थोरल्याला कडेवर खेळवलेले होते, तो गेला तेव्हा तिनेही दोन दिवस चूल पेटवली नव्हती. ती बोलली तेव्हा तिचा आवाज खाली आला होता.

"पोशा नाखवा, आज ह्याला दिला आनि भिंत पुना पडली, तर? मंग भगत कोनाला मागंल? आपल्यात सगल्यात कमी रडनारं कोनामागं हाय, ते मोजत बसायचं का?"

आणि मग तिने ती गोष्ट काढली, जी तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होती आणि प्रत्येकाने गिळून ठेवली होती.

त्यासाठी खुंट म्हणजे काय ते कळले पाहिजे. डोल हे जाळे म्हणजे एक लांबलचक पिशवी. पाण्याच्या ओढीत तिचे तोंड उघडे राहावे म्हणून समुद्राच्या तळात ऐनाच्या लाकडाचे दोन जाडजूड खुंट ठोकतात आणि जाळे त्यांना बांधतात. खुंट जिथे ठोकला ती जागा त्या घराची. बापाची मुलाला, मुलाची नातवाला. चांगल्या ओढीची जागा असली की घर वर यायचे, वाईट जागा असली की पिढ्यान्‌पिढ्या खाली राहायचे. मुलगी देताना मुलाचे नाकडोळे मागाहून बघत. त्याच्या बापाचा खुंट कुठे आहे, हे आधी विचारत. पोशाच्या आणि हरकूच्या घरातले वैरही त्यावरूनच. तिच्या सासऱ्याने खुंट हातभर आपल्या अंगाला सरकवून ठोकला, असे पोशाचे म्हणणे होते, आणि या हातभर पाण्यासाठी दोन्ही घरे एकमेकांच्या लग्नाला जात नव्हती.

आता खुंटांची रांग जवळ जवळ असली की तिच्यामागे लाट मरते. मागचे पाणी मऊ होते. हे काही गुपित नव्हते. गावातली शेंबडी पोरेदेखील खुंटांच्या आडोशालाच पोहायला शिकत. भिंतीपुढे अशी दाट रांग ठोकली असती तर चुना वाळेपर्यंत उधाण अडले असते. पण वेठीतून सुटून डोंगरातून नवी लाकडे आणणे शक्य नव्हते, त्याला गावातले सगळे खुंट लागले असते, आणि एकदा उपटलेला खुंट पुन्हा त्याच जागी ठोकता येईल याची खात्री कोण देणार? म्हणून कुणीच बोलले नव्हते. पहिली भिंत पडली तेव्हा नाही, आणि माणसे मेली तेव्हाही नाही.

"तुमाला सगल्यांना ठावं हाय," हरकू म्हणाली. "मला पन ठावं होतं. मी पन गप बसले. माजा खुंट, माज्या सासऱ्याचा खुंट, खाडीतली चांगली जागा! खुंट सोडायला आपला जीव जातो, म्हनून आपन जीव द्यायला निगालो. तो पन दुसऱ्याचा."

ती गावदेवीकडे वळली.

"माजे खुंट मी पयले काढते," ती म्हणाली. "ज्याला यायचं त्यानं यावं. रांग ठोकू, भिंत बांदू. आनि उधानाच्या दिवशी भिंतीच्या पायथ्याला मी बसंन, माज्या बाजूला माजा भाव बसंल. दर्याला पायजे आसंल तर तो आपल्या हातानं घेईल. तुमी कोनी त्याला हात लावायचा नाय. देवीसमोर बोलते."

गोमा पाटलाने बराच विचार केला आणि पुढच्या उधाणापर्यंत थांबायचे कबूल केले. दुसऱ्या दिवशी तो दुभाष्याला धरून कोटात गेला. कप्तानाला देवी, दर्या, बळी यातले काही उमगले नाही. त्याला भिंत तेवढी उमगत होती. होड्या वल्ह्यांनी खाडीच्या तोंडापर्यंत न्यायची परवानगी त्याने दिली आणि त्यांच्यावर कोटातल्या तोफा रोखून ठेवल्या.

खुंट उपटायची रीत अशी. ओहोटीला पाणी अगदी उतरले की खुंटाच्या दोन्ही बाजूंना दोन होड्या लावायच्या, दोघींवर आडवे लाकूड टाकायचे आणि खुंट त्याला करकचून बांधायचा. मग काही करायचे नाही. भरती चढू लागली की होड्या वर येतात आणि समुद्रच आपल्या ताकदीने खुंट उपटून देतो. पण त्याला दोन होड्या लागतात. त्या पहाटे हरकूची एकटीची होडी निघाली. बाकीचे गाव किनाऱ्यावर उभे राहून बघत होते. नको म्हणणारे कुणी नव्हते आणि येतो म्हणणारेही.

हरकूने आणि जुव्याने होडीच्या एका बाजूला खुंट बांधला आणि दुसऱ्या बाजूला दगड रचून तोल केला. पाणी चढू लागले. होडी खुंटाच्या बाजूला कलली. जुवा आपला वाकडा पाय सरळ करून दगडांवर जाऊन बसला, तरी ती कललीच. काठावरून पाणी आत यायला लागले. हरकू पाणी उपसू लागली. ती जेवढे उपसे त्याच्या दुप्पट आत येई.

"दोर काप, बाय," जुवा म्हणाला.

"नाय कापनार."

"होडी जाईल."

"जाऊ दे. तू बस तिथं, हलू नको."

खुंट तसूभर हलला आणि पुन्हा थांबला. होडीचा काठ पाण्याला टेकला. तेवढ्यात पलीकडून एक होडी येऊन आदळली आणि हरकूच्या अंगावर दोर येऊन पडला. होडीत पोशा नाखवा होता आणि त्याचा धाकटा मुलगा. पोशाने तिच्याकडे बघितलेही नाही; तो आडवे लाकूड बांधण्यात गुंतला होता.

"तुज्या सासऱ्यानं हा खुंट हातभर माज्यात ठोकला," तो म्हणाला. "आज निगतोय तर निगू दे."

"हातभर नव्हता," हरकू म्हणाली. "वीतभर होता."

आणि ते दोघे भांडत असतानाच खुंट चिखलातून सुटला, असे म्हणतात. होड्या एकदम उसळल्या, जुवा दगडांवरून खाली पडला आणि पोशाचा मुलगा हसायला लागला. भाऊ गेल्यापासून तो पहिल्यांदाच हसला होता. पोशाने तोंड फिरवले.

त्यानंतर मात्र थांबले नाही. दुसऱ्या ओहोटीला पाटलाची होडी आली, मग बाकीच्या आल्या. आजोबा-पणजोबांच्या हातचे खुंट भराभर वर येऊ लागले. काही म्हातारे किनाऱ्यावर बसून डोळे पुसत होते, काही उपटणाऱ्यांना शिव्या देत होते, आणि शिव्या देतादेताच दोर ओढू लागत होते. उपटलेले खुंट वाहत आणून कोटासमोरच्या चिखलात ठोकले. कुणाचा कुठला, हे बघायला वेळ नव्हता. बायकांनी खाडीकाठच्या तिवराच्या फांद्या तोडून आणल्या आणि खुंटांच्या मधल्या फटींत विणून बसवल्या. त्यावर जुनी जाळी दगड भरून टाकली. जुवा पहाटेपासून चिखलात उभा असे, खुंट सरळ धरायला. त्या आडोशामागे भिंत पुन्हा वर आली.

उधाणाचा दिवस उजाडला. उधाणाची भरती आमच्याकडे भर दुपारी येते. हरकूने आंघोळ केली, लग्नातले हिरवे लुगडे पेटीतून काढून नेसली, जुव्याला धुतलेले धोतर दिले. दोघे जाऊन भिंतीच्या पायथ्याशी पाठ टेकून बसले. वर तटावर गाव जमले होते, फिरंगी शिपाईही बघायला आले होते.

पाणी चढले. पायाला लागले, गुडघ्याला लागले, कमरेला आले. पुढे खुंटांच्या रांगेवर लाटा फुटत होत्या आणि तिवराच्या फांद्या कडाकडा मोडत होत्या. एक खुंट मुळातून सुटला आणि भिंतीवर येऊन आपटला. हरकूच्या डोक्यावरचा ओला चुना तिच्या केसांत सांडला. तटावर बायकांनी रडायला सुरुवात केली. हरकूने जुव्याचा हात घट्ट धरला होता आणि ती समुद्राला तोंडाला येईल ते बोलत होती. ती काय बोलत होती, ते आमच्या गावात बायकांनी बायकांना सांगितले आहे, पाहुण्यांना सांगण्यासारखे नाही.

जुवा तिला म्हणाला, "बाय, तू वर जा. मी बसतो. शब्द पुरा होईल."

"शब्द दोघांचा दिलाय."

एक मोठी लाट रांगेवरून आत आली. पाणी छातीशी आले. भिंतीतला एक दगड करकरला आणि बोटभर पुढे सरकला. जुवा उठला, वाकडा पाय चिखलात रोवला आणि पाठ त्या दगडाला लावली. हरकू उठली आणि तिनेही खांदा लावला. दोघांच्या वजनाने त्या दगडाला काय फरक पडणार होता, कुणास ठाऊक. पण तेवढ्यात तटावरून कुणीतरी धप्पकन पाण्यात उडी मारली. पोशा नाखवा होता. तो पोहत आला आणि जुव्याच्या शेजारी पाठ लावून उभा राहिला.

"तू कशाला आलास?" हरकू ओरडली.

"ह्या भिंतीनं माजा एक पोर घेतला," पोशा म्हणाला. "आता आनखी कोनी देनार नाय मी."

ते तिघे तसेच उभे राहिले. लाटा रांगेवर फुटत राहिल्या, मऊ होऊन त्यांच्या अंगावर येत राहिल्या. मग हरकूच्या लक्षात आले की पाणी आता छातीला लागत नाही. काही वेळाने ते कमरेला आले. ओहोटी लागली होती. दगड होता तिथेच होता. समुद्राने त्यांच्यातल्या कुणालाच मागितले नव्हते.

चुना वाळला, बुरूज पुरा झाला, तोफा चढल्या. कप्तानाने शिडे परत दिली. फिरंग्याचा शब्द तेवढा एकदा खरा झाला म्हणे. खुंट मात्र त्याने दिले नाहीत. त्या रांगेमुळे शत्रूचे गलबत बुरुजाला भिडू शकत नाही, हे त्याच्या ध्यानात आले होते. पुढे कितीतरी वर्षांनी जमिनीकडून कोटाला वेढा पडला तेव्हा याच रांगेने फिरंग्यांच्या स्वतःच्या होड्यांनाही दाणागोटा घेऊन बुरुजाला लागू दिले नाही, आणि कोट उपासमारीने पडला, असे सांगतात. ते खरे असेल किंवा गावाने रागाने जोडलेले असेल.

गावापुढचा प्रश्न वेगळा होता. नवे खुंट हवे होते. सगळे मिळून डोंगरात गेले, ऐन तोडले, सोट ओढत खाली आणले. आता कुणाचा खुंट कुठे ठोकायचा? जुन्या खुणा गेल्या होत्या. पुन्हा भांडणे सुरू होणार असे दिसताच पोशा नाखवाच उठला आणि म्हणाला, आता वारसा नको, दर साली घरटी एक शिंपला टाकून, चिठ्ठ्या काढाव्या तशी जागा वाटून घेऊ. ज्याच्या नशिबाला जी येईल ती, सालभर. हरकूने होकार दिला आणि एक अट घातली. शिंपल्यांत एक शिंपला जुव्याचा.

जुव्याचे पुढे गावातल्याच मुलीशी लग्न झाले. तो म्हातारा होऊन मेला तेव्हा हरकूबाय त्याच्या आधीच गेलेली होती. मरायच्या आधी तिने सगळ्या घरांना देवळात बोलावले होते आणि गावदेवीसमोर शपथ घ्यायला लावली होती. जुव्याची मुले कोणती, नातवंडे कोणती, हे कुणी बोलायचे नाही, कुणी दाखवायचे नाही. "आज तुमाला लाज वाटंल म्हनून नाय," ती म्हणाली. "उद्या कोनाला तरी घाबरून बली द्यावासा वाटंल, तवा परका कोन ते शोदता येऊ नये म्हनून."

शपथ पाळली गेली. पिढ्या गेल्या, लग्ने झाली, घराघरांत रक्त मिसळले. नारळी पौर्णिमेनंतर आगरवेळात अजून शिंपले टाकून खुंटांच्या जागा वाटतात, आणि एक शिंपला गावात ज्याचे कुणी नाही त्याचा असतो. गेल्या साली तो आंध्रातून आलेल्या एका खलाशाला गेला. त्याला मराठी धड येत नव्हती, कोळंबी मात्र भरपूर मिळाली.

आणि पाहुण्यांना सवय असते, ती वाटेत खेळणाऱ्या एखाद्या कुरळ्या केसांच्या पोराकडे बोट करून हळूच विचारण्याची, की हा जुव्याच्या वंशातला का? तसे विचारू नका, उगाच फसाल. आजही आगरवेळात कुठल्याही दारात उभे राहून विचारा, जुवा कुणाच्या घरचा होता? घरातले सगळ्यात म्हातारे माणूस बाहेर येईल, तुम्हाला खालपासून वरपर्यंत बघेल आणि म्हणेल, "आमच्या."